सीमाभागातील मराठी शाळेत इंग्रजी प्रत्यय कसे शिकवावेत: नव्या शिक्षकांसाठी मार्गदर्शन

शाळा सुरू झाल्या की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतल्या मराठी माध्यमाच्या शाळांत काही नवे शिक्षक, विशेषतः अतिथी शिक्षक म्हणून नेमले गेलेले तरुण-तरुणी, इंग्रजीचा तास हाती घेतात. प्रत्ययांचा भाग आला की बहुतेकांना एकच मार्ग सुचतो: फळ्यावर तीस-चाळीस प्रत्ययांची यादी लिहायची, शेजारी अर्थ द्यायचे आणि 'उद्या पाठ करून या' असे सांगायचे. यादी पाठ होते, घटक चाचणीत गुणही मिळतात. पण तोच विद्यार्थी निबंधात 'ही इज व्हेरी हॅपिनेस' असे वाक्य लिहून मोकळा होतो. हॅपिनेसचा अर्थ त्याला ठाऊक असतो. तो शब्द आता नाम झाला आहे आणि या जागी बसणार नाही, एवढेच त्याला कोणी सांगितलेले नसते.

म्हणून या लेखातील सगळ्या पायऱ्या एकाच धोरणाने रचल्या आहेत. प्रत्यय शिकवताना अर्थाच्या बरोबरीने, किंबहुना त्याच्याही आधी, तो प्रत्यय शब्दाला वाक्यात कोणती जागा मिळवून देतो हे शिकवावे. आणि त्यासाठी मराठीतले व कन्नडमधले जे प्रत्यय आपल्याकडची मुले रोज वापरतात, त्यांचा आधार घ्यावा. येथे इंग्रजी शब्द देवनागरीत दिले आहेत, परंतु वर्गात ते फळ्यावर रोमन लिपीतच लिहावेत. कारण 'ड्रायव्हर'मधला ई-आर आणि 'कंडक्टर'मधला ओ-आर देवनागरीत सारखेच दिसतात, आणि मुलांच्या स्पेलिंगचा घोळ नेमका तिथे सुरू होतो.

आधी काय जमवावे

- कर्नाटकच्या पाठ्यक्रमातील पाचवी ते आठवीची इंग्रजी पाठ्यपुस्तके. तुम्ही सातवीला शिकवत असलात तरी मागची दोन पुस्तके हाताशी असावीत, कारण मूळ शब्द तिथेच येऊन गेलेले असतात.
- दोन शब्दकोश: एक इंग्रजी-मराठी आणि एक विद्यार्थ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी. दुसऱ्यात शब्द नाम आहे की विशेषण, हे नोंदलेले असते आणि त्याच मुळापासून झालेले शब्दही जवळपास सापडतात.
- दोन रंगांचे खडू. मूळ शब्द नेहमी पांढऱ्याने आणि प्रत्यय नेहमी पिवळ्याने लिहावा, व हा नियम वर्षभर मोडू नये.
- जुन्या लग्नपत्रिका. पाठची कोरी बाजू कापून उत्तम शब्दपट्ट्या होतात आणि खर्च काहीच येत नाही.
- प्रत्येक विद्यार्थ्याची एक वेगळी शंभर पानी वही. तिच्याविषयी शेवटच्या पायरीत लिहिले आहे.
- गावातील व्यवसायांची यादी. ही मुलांकडूनच करून घ्यावी. चौथ्या पायरीत ती लागेल.

1. मुलांच्या तोंडी असलेल्या प्रत्ययांपासून सुरुवात करा

पहिल्या तासाला इंग्रजीचा एकही शब्द फळ्यावर लिहू नये. 'शहाणा', 'लहान', 'मोठा' हे तीन शब्द लिहावेत आणि त्यांपासून गुणाचे किंवा अवस्थेचे नाव करायला सांगावे. शहाणपण, लहानपण, मोठेपण ही उत्तरे क्षणात येतात. मग ज्यांना कन्नड चांगले येते अशा दोघा-तिघांना 'जाण' (हुशार) या कन्नड शब्दाचे तसेच रूप विचारावे. 'जाणतन' असे उत्तर येते. त्यामागोमाग 'बडतन' (गरिबी), 'गेळेतन' (मैत्री) हेही कोणीतरी सांगते. मराठीतला 'पण' आणि कन्नडमधला 'तन' फळ्यावर एकाखाली एक आले की तिसऱ्या ओळीत इंग्रजीतला 'नेस' लिहून 'क्लेव्हर'ला जोडून दाखवावा. शहाणपण, जाणतन, क्लेव्हरनेस: तिन्ही ठिकाणी विशेषणाचे नाम झाले आणि तिन्ही ठिकाणी जोड शेवटीच लागली.

सीमाभागातील शिक्षकाच्या हाती असलेले हे सामर्थ्य पुण्या-मुंबईच्या शिक्षकाकडे नसते. कन्नड ही आपल्या मुलांची घरची भाषा नसली तरी बाजारात, बसमध्ये आणि मैदानावर ती त्यांच्या कानावर पडतेच. इंग्रजीच्या तासाला तिचा उपयोग करून घेण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. काही ठिकाणी, पुढे दिसेल त्याप्रमाणे, मराठीपेक्षा कन्नडचाच दाखला अधिक नेमका बसतो.

2. विभक्तीचे प्रत्यय बाजूला काढा

'प्रत्यय' हा शब्द उच्चारताच मराठी माध्यमाचा विद्यार्थी 'स, ला, ते' म्हणू लागतो, कारण मराठी व्याकरणात त्याची प्रत्ययांशी पहिली ओळख विभक्तीतून होते. हा गोंधळ सुरुवातीलाच मिटवावा. 'घरात', 'घराला', 'घरातून' ही रूपे फळ्यावर लिहून त्यांचे इंग्रजी विचारावे: 'इन द हाऊस', 'टु द हाऊस', 'फ्रॉम द हाऊस'. मराठीत शब्दाच्या शेवटी चिकटणाऱ्या प्रत्ययाचे काम इंग्रजीत शब्दाआधीच्या सुट्या शब्दाने होते, हे मुलांना दिसते. त्यामुळे आपण आता जे प्रत्यय शिकणार आहोत ते विभक्तीचे नव्हेत, नवे शब्द घडवणारे आहेत, असे एका वाक्यात सांगून पुढे जावे. ज्यांनी मराठीतले साधित शब्द शिकवले आहेत त्यांनी कृदन्त (धातूपासून झालेले शब्द) आणि तद्धित (नाम, विशेषण यांपासून झालेले शब्द) यांची आठवण करून द्यावी. 'टीच'पासून 'टीचर' हा कृदन्ताचा प्रकार आणि 'केअर'पासून 'केअरफुल' हा तद्धिताचा, अशी वाटणी मुलांना लगेच पटते.

3. दोन कप्पे करा

इंग्रजीत शब्दाचे केवळ व्याकरणिक रूप बदलणारे प्रत्यय मोजके आठ आहेत: नामाचा अनेकवचनी एस, मालकी दाखवणारा एस, क्रियापदाचा तृतीयपुरुषी एकवचनी एस, ई-डी, आय-एन-जी, 'रिटन'सारख्या रूपांतला ई-एन, आणि विशेषणांची तुलना करणारे ई-आर व ई-एस-टी. बाकीचे सगळे प्रत्यय नवा शब्द घडवतात. पहिला कप्पा मुलांनी काळ व वचन शिकताना पाहिलेला असतो, त्यामुळे त्यावर अर्ध्या तासाहून अधिक वेळ घालवू नये.

एक गोष्ट मात्र येथेच दाखवून ठेवावी. दोन्ही प्रकारचे प्रत्यय एकत्र आले तर शब्द घडवणारा आधी लागतो आणि रूप बदलणारा शेवटी. 'टीचर्स'मध्ये आधी ई-आर आणि मग एस. मराठीतही 'शहाणपणाला' म्हणताना आधी 'पण' आणि नंतर 'ला' येतो; उलटा क्रम कोणाच्या जिभेवर येणारच नाही.

4. पहिला प्रत्यय ई-आर: गावातील व्यवसायांपासून

ई-आर हा सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत फसवा प्रत्यय आहे, म्हणून त्याला एक पूर्ण आठवडा द्यावा.

वडगाव किंवा शहापूर या बेळगावातील विणकरांच्या भागांतल्या शाळेत असाल तर सुरुवात मागाजवळून करावी. फळ्यावर मध्यभागी 'विणकर' लिहावे. त्याच्या एका बाजूला कन्नडमधले 'नेकार' आणि दुसऱ्या बाजूला 'वीव्हर'. मग तिन्ही शब्द मुलांना तोडायला सांगावेत: विण अधिक कर, नेय अधिक कार, वीव्ह अधिक ई-आर. काम सांगणारा भाग पांढऱ्या खडूत, करणारा सांगणारा भाग पिवळ्या खडूत. तीन भाषांतले तीन पिवळे तुकडे एकाच रेषेत आले की 'प्रत्यय म्हणजे काय' या प्रश्नाची व्याख्या वेगळी सांगावी लागत नाही. उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीच्या आसपासची मुले असतील तर साहित्य आणखी सोपे आहे; वेल्डर, फिटर, टर्नर, मोल्डर, ग्राइंडर हे शब्द त्यांच्या घरात रोजचे असतात, फक्त ते इंग्रजी क्रियापदांपासून झाले आहेत याकडे कधी लक्ष गेलेले नसते. खेड्यात फार्मर, ड्रायव्हर, पेंटर यांवर भागते.

यानंतर तीन सापळे क्रमाने दाखवावेत.

पहिला सापळा यंत्राचा. ई-आर लागला म्हणजे माणूसच, असे नाही. स्वयंपाक करणाऱ्या माणसाला 'कुक' म्हणतात. 'कुकर' चुलीवर शिट्या मारतो. 'ग्राइंडर' माणूसही असू शकतो आणि यंत्रही. म्हणून अर्थ सांगताना 'करणारा माणूस' असे न सांगता 'ते काम जो किंवा जे करते' असे सांगावे.

दुसरा सापळा तुलनेचा. 'टॉलर'मधला ई-आर आणि 'टीचर'मधला ई-आर दिसायला एकच, पण काम वेगळे. ओळखण्याची कसोटी सोपी आहे: मूळ शब्द क्रियापद असेल तर करणारा, विशेषण असेल तर तुलना. मराठीच्या रोजच्या बोलण्यात तुलनेसाठी प्रत्यय लागत नाही, आपण 'त्याच्यापेक्षा उंच' म्हणतो; त्यामुळे येथे मराठीचा आधार शोधत बसू नये.

तिसरा सापळा नुसत्या दिसण्याचा. सातवीच्या वर्गात हा धडा झाल्यावर एका मुलाने मला विचारले होते, 'सर, मग कॉर्नर म्हणजे मका विकणारा होय?' प्रश्न विनोदी वाटला तरी तो विचारणाऱ्या मुलाला प्रत्यय समजला आहे, याची ती खूण आहे. अशा वेळी हसण्यावारी न नेता कसोटी द्यावी: ई-आर काढल्यावर उरलेला तुकडा अर्थपूर्ण आहे का, आणि त्या अर्थाचा पूर्ण शब्दाशी संबंध लागतो का? रिव्हर, पेपर, फिंगर, नंबर, कॉर्नर हे शब्द या कसोटीला उतरत नाहीत. 'डॉक्टर'मधून ओ-आर काढला तर 'डॉक्ट' उरते आणि इंग्रजीत त्याला आज स्वतंत्र शब्द म्हणून स्थान नाही.

ओ-आर कुठे आणि ई-आर कुठे, याचा खात्रीशीर नियम मुलांना देता येत नाही. टी-ई ने संपणाऱ्या 'ऑपरेट', 'क्रिएट' यांसारख्या क्रियापदांना बहुधा ओ-आर लागतो आणि 'ॲक्ट', 'कंडक्ट', 'इन्स्पेक्ट' यांनाही तोच. पण 'राइट'पासून 'रायटर' ई-आरनेच होतो. त्यामुळे कंडक्टर, इन्स्पेक्टर, ॲक्टर, व्हिजिटर, एडिटर असे दहाएक शब्द डोळ्यांना सवयीचे करावेत, एवढेच.

5. फुल आणि लेस: जोडी म्हणून, पण जपून

'फुल' म्हणजे भरलेला किंवा असलेला आणि 'लेस' म्हणजे नसलेला, असे सांगून केअरफुल-केअरलेस, यूजफुल-यूजलेस, पेनफुल-पेनलेस या जोड्या द्याव्यात. येथे मराठीची एक अडचण लक्षात घ्यावी. आपल्याकडे अभाव सांगणारा भाग बहुधा शब्दाच्या सुरुवातीला बसतो: निष्काळजी, निरुपयोगी, बेघर, बिनमिठाचे. इंग्रजीत तो शेवटी बसतो. त्यामुळे मुले 'लेस होम' असे काहीतरी लिहितात. कन्नडचा दाखला येथे चपखल बसतो, कारण 'उप्पिल्लद' म्हणजे बिनमिठाचे, आणि त्यात 'नसलेले' सांगणारा भाग इंग्रजीप्रमाणेच शेवटी आहे. उप्पिल्लद, सॉल्टलेस असे एकाखाली एक लिहिले की जागेचा प्रश्न सुटतो.

'फुल'चा आणखी एक उपयोग पुस्तकांत सहसा सुटतो. 'हँडफुल' आणि 'स्पूनफुल' ही विशेषणे नसून मापाची नामे आहेत. मराठीत त्यासाठी 'भर' आहे: मूठभर, चमचाभर. हे सांगायला दोन मिनिटे लागतात आणि मुलांना ते कायमचे लक्षात राहते.

सापळे येथेही आहेत. प्रत्येक शब्दाला जोडीदार असतोच असे नाही: 'होमलेस' आहे, 'होमफुल' नाही, 'वंडरफुल' आहे, 'वंडरलेस' वापरात नाही. जोडी असली तरी दोन्ही शब्द एकमेकांच्या विरुद्ध असतीलच असेही नाही. 'शेमफुल' म्हणजे लाजिरवाणे, आणि ते सहसा कृत्याबद्दल बोलताना वापरतात. 'शेमलेस' म्हणजे निर्लज्ज, आणि ते बहुधा माणसाला लावतात. 'हेल्पलेस' म्हणजे मदत न करणारा नव्हे, तर असहाय. 'प्राइसलेस' म्हणजे कवडीमोल नव्हे, अमूल्य. 'विरुद्धार्थी शब्द लिहा' या प्रश्नात मुलांचे गुण जातात ते अशाच शब्दांवर.

आणि स्पेलिंग: स्वतंत्र शब्द 'फुल' दोन एलने लिहितात, प्रत्यय मात्र एका एलने. हे दर आठवड्याला एकदा तरी फळ्यावर यावे, कारण मुले 'ब्युटिफुल' दोन एलने लिहिण्याचा हट्ट सहजी सोडत नाहीत.

6. नामे घडवणारे प्रत्यय

'नेस' पहिल्या पायरीत आलाच आहे. तो विशेषणाला लागतो, मूळ शब्दाचा उच्चार बदलत नाही आणि जवळजवळ कोणत्याही साध्या विशेषणाला चालतो, म्हणून तो सर्वांत आधी घ्यावा. 'काइंडनेस', 'डार्कनेस', 'वीकनेस' यांवर वाक्ये करून घ्यावीत. येथे वाक्याचा साचा द्यावा: 'शी इज' यापुढे विशेषण, 'हर' यापुढे नाम. 'शी इज काइंड', 'हर काइंडनेस'. मुलांनी जागा बदलून पाहावी आणि कानाला खटकते का ते सांगावे. 'ही इज व्हेरी हॅपिनेस'वरचा इलाज हाच साचा आहे, आणि तो मी प्रत्येक नव्या प्रत्ययासाठी वापरायला सांगेन.

'मेंट' क्रियापदाला लागतो: पेमेंट, ट्रीटमेंट, ॲग्रीमेंट, मूव्हमेंट. 'सिमेंट' आणि 'मोमेंट' यांत मात्र तो नाही. ई-आरच्या वेळची कसोटी मुलांनी स्वतःच लावावी.

'शन' असा उच्चार होणाऱ्या शेवटांबद्दल स्पेलिंगची तक्रार कायमची असते, कारण टी-आय-ओ-एन, एस-आय-ओ-एन आणि सी-आय-ए-एन हे तिन्ही कानाला जवळपास सारखेच लागतात. त्यातले निदान एक कोडे नियमाने सुटते: शब्द माणसाचा व्यवसाय सांगत असेल, तर शेवट सी-आय-ए-एन. म्युझिशियन, इलेक्ट्रिशियन, पॉलिटिशियन. क्रिया किंवा तिचे फळ सांगणाऱ्या नामांत टी-आय-ओ-एन सर्वाधिक वेळा येतो: ॲक्शन, कलेक्शन, एज्युकेशन.

'शिप' आणि 'हुड' यांना थोडक्यात आटोपावे. 'फ्रेंडशिप'मध्ये जहाज नाही, हे एकदा सांगावे लागते. 'चाइल्डहुड'ला 'लहानपण' आणि 'फ्रेंडशिप'ला 'गेळेतन' हे तयार दाखले आहेत.

'इटी' आठवीपर्यंत थांबू शकतो. तो लागला की मूळ शब्दाचा उच्चार हलतो. 'इलेक्ट्रिक'मधल्या शेवटच्या 'क'चा 'इलेक्ट्रिसिटी'मध्ये 'स' होतो. याचे कारण भाषेच्या इतिहासात आहे: 'नेस' हा इंग्रजीचा स्वतःचा जुना प्रत्यय, तर 'इटी' फ्रेंच व लॅटिनमधून आलेल्या शब्दांबरोबर इंग्रजीत शिरला. मुलांना इतिहास सांगण्याची गरज नाही, पण क्रम ठरवताना शिक्षकाला तो माहीत असावा.

7. 'ली' हा प्रत्यय

विशेषणाला एल-वाय लागला की बहुधा क्रियाविशेषण होते: स्लोली, क्विकली, केअरफुली. नामाला लागला तर मात्र विशेषण होते: फ्रेंडली, लव्हली. 'ही स्पोक फ्रेंडली' असे लिहिणाऱ्या मुलाला नियम पाठ असतो, फक्त मूळ शब्द तपासायची सवय नसते. 'हार्ड' आणि 'हार्डली' यांचा अर्थ वेगळा आहे, तो वेगळा शब्द म्हणूनच शिकवावा. 'ही वर्क्स हार्डली' म्हणजे तो कष्ट करतो, असे होत नाही.

8. ई-डी आणि आय-एन-जी लागलेली विशेषणे

'सर, आय ॲम बोरिंग' हे वाक्य ज्याने इंग्रजीच्या तासाला ऐकले नाही असा शिक्षक विरळाच. इंग्रजीतून समजावण्याचा प्रयत्न येथे फारसा सफल होत नाही. मराठीत उत्तर आधीच तयार आहे. 'कंटाळलेला' आणि 'कंटाळवाणा', 'थकलेला' आणि 'थकवणारा' हे फरक कोणतेही मूल चुकत नाही. 'लेला' म्हणजे ई-डी आणि 'वाणा' किंवा 'णारा' म्हणजे आय-एन-जी, अशी जोडी लावून द्यावी. धडा कंटाळवाणा, म्हणून 'बोरिंग'; मी कंटाळलेला, म्हणून 'बोर्ड'. 'टायर्ड-टायरिंग', 'इंटरेस्टेड-इंटरेस्टिंग', 'सरप्राइज्ड-सरप्राइझिंग' यांवर तोंडी सराव घ्यावा. या एका पायरीने निबंधलेखनातील जितक्या चुका कमी होतात, तितक्या या लेखातील दुसऱ्या कोणत्याही पायरीने होत नाहीत.

9. स्पेलिंग का बदलते: सामान्यरूपाचा आधार

'हॅपी'तला वाय 'हॅपिनेस'मध्ये आय का होतो, असे मुले विचारतात. त्यांना 'पाऊस'ला 'त' हा प्रत्यय लावायला सांगावे. 'पावसात' असे उत्तर येते, 'पाऊसात' असे नाही. प्रत्यय लागण्यापूर्वी शब्द रूप बदलतो, याला मराठीत सामान्यरूप म्हणतात हे त्यांनी शिकलेलेच असते. इंग्रजीतही काही ठिकाणी असेच घडते, आणि त्याचे तीन नियम पुरेत.

पहिला: वायच्या आधी व्यंजन असेल तर वायचा आय होतो. लेझी-लेझिनेस, ब्युटी-ब्युटिफुल. आधी स्वर असेल तर वाय तसाच राहतो: प्ले-प्लेअर, एन्जॉय-एन्जॉयमेंट. आणि आय-एन-जी लागताना वाय कधीच बदलत नाही. 'स्टडिंग' असे लिहिलेले तुम्हाला वह्यांत भरपूर सापडेल.

दुसरा: शेवटचा मूक ई स्वराने सुरू होणाऱ्या प्रत्ययापूर्वी गळतो आणि व्यंजनाने सुरू होणाऱ्या प्रत्ययापूर्वी टिकतो. यूज-यूझिंग, पण यूज-यूजफुल. 'ट्रूली' आणि 'आर्ग्युमेंट' हे अपवाद फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहून ठेवावेत.

तिसरा: एकाच अवयवाच्या (सिलेबलच्या) छोट्या शब्दात शेवटी एक स्वर व एक व्यंजन असेल, तर स्वराने सुरू होणाऱ्या प्रत्ययापूर्वी ते व्यंजन दुप्पट होते. रन-रनर, स्विम-स्विमिंग, फिट-फिटर. 'रीड'मध्ये स्वर दोन आहेत, म्हणून 'रीडर'मध्ये डी एकच. 'हेल्प'मध्ये शेवटी व्यंजने दोन आहेत, म्हणून 'हेल्पर'मध्ये पी एकच.

मुले 'ओपननेस' आणि 'केअरफुली' यांतले दुहेरी अक्षर याच तिसऱ्या नियमाखाली घालू पाहतात. तेथे दुप्पट काहीच झालेले नाही. 'ओपननेस'मधला एक एन शब्दाचा आहे आणि एक प्रत्ययाचा; 'केअरफुली'तल्या एलचेही तसेच. रंगीत खडू वापरला असेल तर हे न सांगताही दिसते.

10. ई-डीचा उच्चार

आपल्याकडे 'वॉश्ड'चा उच्चार 'वॉशेड' असा सर्रास होतो. ई-डीचे उच्चार तीन आहेत आणि मराठी वर्णमाला शिकलेल्या मुलाला ते कळायला कठीण नाहीत. मूळ क्रियापद अघोष, म्हणजे घशात कंप न होणाऱ्या ध्वनीने संपले, जसे क, प, श, तर 'ट' ऐकू येतो: वॉक्ट, हेल्प्ट, वॉश्ट. घोष ध्वनी किंवा स्वर असेल तर 'ड': प्लेड, ओपन्ड. मूळ शब्दच टी किंवा डीने संपत असेल तर 'इड': वॉन्टिड, नीडिड. नियम सांगितल्यावर पाठातल्या एखाद्या परिच्छेदातील भूतकाळी क्रियापदे मोठ्याने वाचून घ्यावीत. उच्चार 'ट' झाला तरी लिहिताना ई-डीच राहतो, हे मात्र त्याच तासाला सांगावे. नाहीतर 'वॉक्ट' टीने लिहिलेले दुसऱ्या दिवशी तपासायला येते.

11. शब्दकुळाची वही आणि तपासणी

प्रत्येक पानावर एकच मूळ शब्द आणि त्याचे कुळ असावे. 'केअर' या शब्दाचे पान असेल तर केअर, केअरफुल, केअरलेस, केअरफुली, केअरलेसनेस. प्रत्येकासमोर तो नाम आहे की विशेषण हे एका अक्षरात, आणि खाली मुलाने स्वतः केलेले एक वाक्य. मराठी अर्थ लिहायला हरकत नाही. वाक्याशिवाय अर्थ लिहिलेला मात्र मी मान्य करीत नाही. आठवड्याला दोन कुळे पुष्कळ झाली. दसऱ्याच्या सुट्टीपर्यंत ई-आर, नेस, फुल, लेस आणि ली इतके पक्के झाले तर सहावी-सातवीचा वेग योग्य आहे असे समजावे. 'मेंट', 'शन' आणि विशेषणांचे ई-डी, आय-एन-जी सुट्टीनंतर घ्यावेत. 'एबल' आणि 'आइझ' यांची घाई नको. आठवीत ते घेताना 'वाचनीय' म्हणजे 'रीडेबल' आणि 'संगणकीकरण' म्हणजे 'कॉम्प्युटरायझेशन' एवढ्या दाखल्यांवर ते लवकर उरकतात.

तपासणी करताना शिकवलेलेच शब्द विचारले तर मुलाची स्मरणशक्ती कळते, समज कळत नाही. 1958 साली अमेरिकेत भाषाशास्त्रज्ञ जीन बर्को यांनी लहान मुलांची चाचणी घेताना अस्तित्वातच नसलेले शब्द वापरले. 'झिब' हे एक काल्पनिक काम आहे असे सांगून, ते काम करणाऱ्या माणसाला काय म्हणाल, असे त्यांनी विचारले. हीच युक्ती आपल्या वर्गात चालते. फळ्यावर 'झिब' लिहावे आणि ते काम करणारा, ते ज्याच्यात भरपूर आहे तो, ते ज्याच्यात मुळीच नाही तो, अशी तीन रूपे करायला सांगावीत. पाठ केलेल्या यादीचा येथे काहीच उपयोग होत नसल्याने कोणाला समजले आहे आणि कोणाला नाही, हे पाच मिनिटांत दिसते. 'झिबर'मध्ये बी दुप्पट लिहिणारा विद्यार्थी सापडला, तर त्याला नववी पायरीही समजली आहे.

परीक्षेच्या दृष्टीने एक सूचना. व्याकरणाच्या प्रश्नात कंसात मूळ शब्द देऊन रिकाम्या जागी योग्य रूप लिहायला सांगितलेले असते, तेव्हा मुले सर्वांत आधी कंसाकडे पाहतात. त्यांना रिकाम्या जागेच्या मागचा-पुढचा शब्द आधी पाहायला लावावे. मागे 'द' किंवा 'हर' असेल आणि पुढे नाम नसेल, तर नाम हवे. मागे 'व्हेरी' असेल तर विशेषण किंवा क्रियाविशेषण हवे. पुढे नाम असेल तर बहुधा विशेषण. कोणता प्रत्यय लावायचा, हा प्रश्न त्यानंतरचा. एसएसएलसीपर्यंत, म्हणजे दहावीच्या परीक्षेपर्यंत, ही सवय टिकवायची असेल, तर ती सहावीतल्या पहिल्या घटक चाचणीपासूनच लावावी लागते, आणि त्यासाठी शिक्षकाने स्वतः काढलेल्या प्रश्नांत सुटे शब्द न देता पूर्ण वाक्ये द्यावीत.